पानावरून पडद्यावर, पडद्यावरून परत पानावर

१९७७ साली लंडनमध्ये जेम्स बाँडच्या नव्या सिनेमावरून लिहिलेलं एक पुस्तक निघालं. त्याचं नाव होतं 'जेम्स बाँड, द स्पाय हू लव्हड मी'. आधी नायकाचं नाव आणि मग पुस्तकाचं, हे जरा विचित्रच. पण तसं करणं भाग होतं. 'द स्पाय हू लव्हड मी' नावाची बाँडची कादंबरी पंधरा वर्षांपूर्वीच छापून झाली होती, आणि ती दस्तुरखुद्द बाँडच्या जन्मदात्याची, इयन फ्लेमिंगची होती. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर ही दोन्ही पुस्तकं मला एकाच ढिगात सापडली. विक्रेत्याने दोन्ही हातात घेऊन पाहिली आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "साहेब, एकच पुस्तक आहे हे. दोन कशाला घेता?" मी दोन्ही घेऊन निघालो. त्याला तेव्हा जे सांगायचं राहिलं, ते इथे सांगतो.

फ्लेमिंगचं पुस्तक १९६२चं. त्याच्या इतर बाँडकथांहून ते पार वेगळं आहे. गोष्ट सांगते व्हिव्हिएन मिशेल ही कॅनेडियन तरुणी, आणि पुस्तकावर फ्लेमिंगने सहलेखिका म्हणूनही तिचंच नाव घातलं. न्यूयॉर्क राज्यातल्या डोंगराळ भागात, हंगाम संपल्याने ओस पडलेल्या एका मोटेलवर ती एकटी असते. तिथे दोन गुंड येतात. बाँड उगवतो तो पुस्तकाचा बराच मोठा भाग उलटून गेल्यावर. समीक्षक तुटून पडले, वाचकही बिथरले. शेवटी फ्लेमिंगनेच प्रकाशकाला विनवलं की याची पेपरबॅक काढू नका. ब्रिटनमध्ये ती निघाली ती त्याच्या मृत्यूनंतर. चित्रपटाचे हक्क देतानाही त्याची अट होती : नाव घ्या, गोष्ट घेऊ नका. मला हे पुस्तक मनापासून आवडतं. लोकप्रियतेच्या शिखरावर असताना लेखकाने स्वतःची ठरलेली वाट मोडून पाहिली, याचं मोल त्या काळात कुणी केलं नाही, याची हळहळ वाटते.

तर निर्मात्यांच्या हाती आलं नुसतं नाव. १९७०च्या दशकाच्या मध्यावर निर्माता अल्बर्ट ब्रोकोली आणि त्याचा भागीदार हॅरी साल्ट्झमन वेगळे झाले आणि सगळा भार एकट्या ब्रोकोलीवर आला. पटकथेवर एकामागून एक लेखक बसले. अँथनी बर्जेससारख्या मोठ्या कादंबरीकारानेही एक खर्डा लिहून दिला होता. पटकथेत खलनायकाच्या बाजूला 'स्पेक्टर' ही गुप्त संघटना घ्यायची म्हटल्यावर केव्हिन मॅक्लोरी नावाचा गृहस्थ आडवा आला. त्याचा हक्क कुठून आला, हे कळल्याशिवाय या विषयाची पार्श्वभूमी पुरी होत नाही.

१९५०च्या दशकाच्या शेवटी, बाँडचा एकही सिनेमा निघालेला नसताना, फ्लेमिंग, मॅक्लोरी आणि पटकथालेखक जॅक व्हिटिंगहॅम यांनी मिळून एका बाँडपटाची कथा रचली. सिनेमा काही उभा राहिला नाही. मग फ्लेमिंगने त्याच सामग्रीवर कादंबरी लिहिली : 'थंडरबॉल', १९६१. स्पेक्टर पहिल्यांदा आली ती याच कादंबरीत. बाकीच्यांचा उल्लेखही त्यात नव्हता. मॅक्लोरी कोर्टात गेला. १९६३च्या अखेरीस लंडनमध्ये सुनावणी चालू असताना तडजोड झाली. चित्रपटाचे हक्क मॅक्लोरीला मिळाले, आणि पुढच्या आवृत्त्यांमध्ये ही कादंबरी तिघांच्या पटकथेवर बेतलेली आहे, असं छापणं फ्लेमिंगवर बंधनकारक झालं. फ्लेमिंगचं हृदय आधीच दुबळं होतं. १९६४च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ५६व्या वर्षी तो गेला.

म्हणजे बाँडच्या सिनेमावरून लिहिलेली पहिली कादंबरी खुद्द बाँडच्या जन्मदात्यानेच लिहिली होती, आणि तीही न निघालेल्या सिनेमावरून. सिनेमावरून कादंबरी लिहिणं म्हणजे हलकं, भाडोत्री काम, असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी 'थंडरबॉल'ची आठवण देतो. त्या खटल्याची किंमत पुढच्या सिनेमांनीही मोजली. १९७६ साली मॅक्लोरीने पुन्हा हरकत घेतली, स्पेक्टरला वगळावं लागलं, आणि समुद्राखाली नवं जग वसवू पाहणारा कार्ल स्ट्रॉमबर्ग हा स्वतंत्र खलनायक उभा राहिला. पाणबुड्या गिळणारा महाकाय टँकर त्याचाच.

मूळ कादंबरीतलं काहीच घ्यायचं नाही असं ठरलेलं असलं, तरी एक गोष्ट पाझरली. फ्लेमिंगच्या दोन गुंडांपैकी एकाला 'हॉरर' म्हणतात, आणि त्याच्या दातांवर पोलादी टोपणं आहेत. पडद्यावर त्याचा झाला सात फुटांहून उंच जॉज, लोखंडी साखळी दातांनी तोडणारा.

चित्रपट ७ जुलै १९७७ रोजी लंडनमध्ये झळकला. पटकथा क्रिस्टोफर वुड आणि रिचर्ड मायबॉम यांची. सिनेमा आणि मूळ कादंबरी यांचा संबंध उरला नव्हता, त्यामुळे सिनेमा पाहून आलेल्या वाचकाच्या हाती फ्लेमिंगचं जुनं पुस्तक ठेवून भागणार नव्हतं. नवं पुस्तक लिहायला हवं होतं, आणि ते काम वुडकडेच आलं.

वुडची तोवरची ओळख म्हणजे टिमथी ली या टोपणनावाने लिहिलेल्या चावट विनोदी कादंबऱ्या. त्याच्याकडून लोकांनी थिल्लर पुस्तकाची अपेक्षा केली असती तर नवल नव्हतं. त्याने लिहिलं मात्र फ्लेमिंगच्या वळणाचं गंभीर पुस्तक. पडद्यावरचा रॉजर मूरचा बाँड संकटातही एक भुवई उंचावून हसवून जातो, पण ती भुवई कागदावर उतरत नाही. तिथे घाम, भीती, कपड्यांचा पोत, जेवणाची चव, दारूची नेमकी जात यांनीच माणूस उभा करावा लागतो, आणि हे सगळं फ्लेमिंगचं हक्काचं सामान. वुडने ते उचललं आणि मन लावून वापरलं. स्वतः एक बाँडकादंबरी लिहिलेल्या किंग्जली एमिसने परीक्षणात नेमकं याच अवघड कामगिरीवर बोट ठेवलं : मुळात थट्टेचा असलेला सिनेमा, आणि त्यातून मुळात गंभीर असायला हवी अशी कादंबरी.

जॉजचंच पाहा. पडद्यावर तो कोण, कुठला, याची चौकशी कुणी करत नाही. तो दात दाखवतो, आपण दचकतो, गोष्ट पुढे जाते. वुडने त्याला नाव दिलं, गाव दिलं : झ्बिग्निएव्ह, पोलंडमधल्या क्राकोव्हचा. बाप सर्कशीत ताकदीचे खेळ करणारा. पोरगा पावासाठी उसळलेल्या दंगलीत पोलिसांच्या तावडीत सापडतो आणि मारहाणीत त्याच्या जबड्याचा चुरा होतो. तो पळतो, स्ट्रॉमबर्गच्या जहाजावर लपतो, पकडला जातो. स्ट्रॉमबर्ग त्याला पोलिसांच्या हवाली करत नाही. एका डॉक्टरकडून शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया करवून त्याला पोलादी जबडा बसवतो. त्या जबड्यापायी त्याची वाचा जाते. सिनेमात जॉज बोलत नाही, कारण त्याला संवादच लिहिलेले नाहीत. पुस्तकात तो बोलत नाही, कारण त्याचं बोलणं काढून घेतलं गेलंय. हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

वुडने आणखी एक हुशारी केली. स्पेक्टरचं नाव घेणं धोक्याचं होतं, म्हणून तो त्याच्याही मागे गेला आणि फ्लेमिंगच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांतली 'स्मर्श' ही सोव्हिएत हेरसंस्था परत घेऊन आला. 'फ्रॉम रशिया, विथ लव्ह'मधला निकितिनही इथे भेटतो. बाँड स्मर्शच्या हाती लागतो आणि त्याचा असा छळ होतो की १९५३च्या 'कसिनो रॉयाल'मध्ये बाँडला बांधून ज्या खुर्चीवर छळलं होतं, तिची आठवण यावी. सिनेमात या छळाला जागाच नव्हती. स्ट्रॉमबर्गचं पहिलं नावही इथे कार्लचं सिगमंड झालंय. शेवटी सिनेमात जॉज शार्कच्या टाकीत पडतो आणि शार्कलाच चावून पोहत निघून जातो. पुस्तकात पोलादी दातांनी चुंबकाला अडकलेलाच तो पाण्यात खाली जातो, आणि त्याच्याकडे येणारा शार्क बाँड वरून पाहत राहतो.

सगळंच काही पानावर साधत नाही, हेही मान्य करायला हवं. सिनेमाच्या आरंभी बाँड बर्फाळ कड्यावरून स्कीसकट खाली झेपावतो. ती उडी कॅनडाच्या बॅफिन बेटावर, ॲसगार्ड शिखरावरून रिक सिल्व्हेस्टरने खरोखर मारली होती. तो कोसळत असताना संगीत थांबतं, नुसता वारा ऐकू येतो, आणि मग ब्रिटिश झेंड्याचं पॅराशूट उघडतं. शब्दांना असं गप्प बसता येत नाही. लेखकाला त्या शांततेतही काहीतरी लिहावंच लागतं.

अशी पुस्तकं निघायची, त्यामागे तेव्हाचा बाजारही होता. सिनेमा थिएटरातून उतरला की गेला. घरी व्हिडिओ नव्हता. पुन्हा पाहायची हौस पुस्तकावरच भागवावी लागे. 'किंग काँग'ची कादंबरी तर सिनेमा येण्याआधीच, १९३२च्या अखेरीस बाजारात आली होती. आपल्याकडे ही गरज थिएटरबाहेर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिकेने भागवली. त्यात दीड पानाचं कथासार असे, आणि ऐन रंगात आल्यावर 'पुढे काय होतं ते रुपेरी पडद्यावरच पाहा' असं म्हणून ते थांबे. बाँडच्या पुस्तकांना असं थांबण्याची मुभा नव्हती.

मराठीत वाट बहुतेक पुस्तकाकडून पडद्याकडेच गेली. 'सिंहासन' अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून, 'नटरंग' आनंद यादवांच्या, 'दुनियादारी' सुहास शिरवळकरांच्या. हेच शिरवळकर दारा बुलंद आणि मंदार पटवर्धनच्या रहस्यकथा झपाट्याने लिहीत. मराठी हेरपटावरून त्यांच्या हातची एखादी कादंबरी उतरली असती तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

बाँडकडे परत येतो. पुढचा सिनेमा 'फॉर युअर आइज ओन्ली' असेल, असं १९७७च्या सिनेमाच्या शेवटी जाहीर झालं होतं. पण 'स्टार वॉर्स' आला आणि सगळ्यांनाच अंतराळाचे वेध लागले. १९७९ साली 'मूनरेकर' निघाला. फ्लेमिंगच्या १९५५च्या कादंबरीत लंडनवर रोखलेलं क्षेपणास्त्र होतं. सिनेमा गेला थेट अंतराळस्थानकावर. पुन्हा नावापुरताच संबंध, पुन्हा वुडच, आणि पुस्तकाचं नाव 'जेम्स बाँड अँड मूनरेकर'. लोकांचा लाडका झालेला जॉजही परत आला.

त्यानंतर दहा वर्षं असं पुस्तक नाही. १९८१पासून जॉन गार्डनर बाँडच्या नव्या कादंबऱ्या लिहू लागला होता. १९८९च्या 'लायसन्स टु किल'ची कादंबरी त्याच्याकडे आली, आणि त्याच्यापुढे मोठा पेच पडला. सिनेमात बाँडचा मित्र फेलिक्स लायटर शार्कच्या तोंडी जातो. पण हा प्रसंग मुळात फ्लेमिंगच्या १९५४च्या 'लिव्ह अँड लेट डाय'मधला, आणि कादंबऱ्यांच्या जगात लायटर तेव्हापासूनच एक हात आणि एक पाय गमावून बसलेला. सिनेमाने तो प्रसंग पस्तीस वर्षांनी उचलला. गार्डनरला दोन्ही जगं सांभाळायची होती, म्हणून त्याने त्याच माणसाला दुसऱ्यांदा शार्कपुढे टाकलं. वाचताना अवघडल्यासारखं होतं, पण लेखकाची निष्ठा दिसते. जुन्या वाचकाला खोटं पाडायचं त्याने नाकारलं. 'गोल्डनआय' (१९९५) त्याचंच. मग रेमंड बेन्सनने तीन लिहिली, त्यातलं शेवटचं 'डाय अनदर डे', २००२चं.

२००६ साली सिनेमा 'कसिनो रॉयाल'वर आला, तेव्हा दुकानांत फ्लेमिंगचीच पहिली कादंबरी पुन्हा मांडता आली. २००८च्या 'क्वांटम ऑफ सोलेस'च्या वेळी त्याच नावाखाली फ्लेमिंगच्या सगळ्या बाँडलघुकथा एकत्र छापल्या गेल्या. त्या नावाच्या मूळ कथेत एका मेजवानीनंतर बाँड एका दुःखी लग्नाची गोष्ट ऐकत बसतो. पिस्तुलाला हातही लागत नाही.

फाउंटनहून आणलेली दोन्ही पुस्तकं माझ्या कपाटात शेजारी शेजारी आहेत. एकात व्हिव्हिएन हॉररचे पोलादी दात पहिल्यांदा पाहते, ते पान मी दुमडून ठेवलंय. दुसऱ्यात क्राकोव्हच्या त्या मुलाचा जबडा फुटतो, ते.