दक्षिणेतल्या छोट्या गावातले बालपण (अमेरिका, 1945–65)

व्हर्जिनियापासून मिसिसिपी-लुइझियानापर्यंतच्या दक्षिणी राज्यांत, दुसरे महायुद्ध संपल्यापासून वंशभेदाचे कायदे मोडीत निघेपर्यंतच्या काळात वाढलेल्या मुलांच्या आठवणींचा हा विषय आहे. आत्मकथने, मौखिक इतिहासाची ध्वनिमुद्रणे आणि गावोगावची संग्रहालये यांतून तो नोंदला गेला. गाव एकच असले तरी मुलांना त्याचे दोन नकाशे पाठ असत. कोणाच्या वाट्याला कोणता यायचा, ते कातडीच्या रंगावर ठरे.

गावांची ठेवण बहुधा सारखी असे. मधोमध कोर्टाची इमारत, समोर यादवी युद्धातल्या दक्षिणी सैनिकाचा पुतळा, भोवती दुकाने. अनेक ठिकाणी रेल्वेच्या रुळांपलीकडे कृष्णवर्णीयांची वस्ती. बहुतेक घरांत वातानुकूलन नव्हते, त्यामुळे उन्हाळ्यात सगळा संसार पडवीत येई. मिठात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा, बरणीत धरलेले काजवे, रविवारची बायबलची शाळा हे तपशील गोऱ्या-काळ्या दोघांच्याही आठवणींत सापडतात. कोका-कोलाची बाटली पाच सेंटला मिळे. दोन घोट पिऊन झाले की मुले तिच्यात मूठभर खारे दाणे ओतत. डास मारायला डीडीटी फवारणारी गाडी आली की धुरामागे पळणे हा खेळच होता. आज ते वाचताना अंगावर काटा येतो.

मोठ्यांना ‘सर’ आणि ‘मॅम’ म्हणण्याची शिस्त कडक होती, पण ती दोन्हीकडे सारखी लागू नव्हती. पांढऱ्या केसांच्या कृष्णवर्णीय माणसालाही गोरे पोर एकेरीत, नावाने हाक मारी. अनेक गोऱ्या मुलांना न्हाऊमाखू घालणाऱ्या, भरवणाऱ्या बायका कृष्णवर्णीय होत्या. त्यांची स्वतःची मुले त्या वेळी कोणाकडे असतात, हा प्रश्न पडल्याचे गोऱ्यांच्या आठवणींत फार उशिरा दिसते. शनिवारचा सिनेमा दोघेही पाहत. गोरी मुले खाली, काळी वेगळ्या दाराने बाल्कनीत. पिण्याच्या पाण्याचे नळही वेगळे होते. मराठी वाचकाला वेगळ्या पाणवठ्याची गोष्ट नवी नाही. इथे नळावर तशी पाटीच असे.

पुढे अमेरिकी काँग्रेसचे सदस्य झालेले जॉन लुइस 1940 मध्ये अलाबामातील ट्रॉय गावाजवळ जन्मले. त्यांचे वडील वाट्याने शेती करत. 1944 मध्ये त्यांनी 300 डॉलरला 110 एकर जमीन घेतली. लुइसकडे कोंबड्यांचे काम होते आणि तो त्यांच्यापुढे उभा राहून प्रवचन देई. कापसाच्या वेचणीत मात्र त्याचे मन नसे. शेतावर थांबायला सांगितले तरी तो लपून बसे आणि शाळेची बस आली की पळत जाऊन चढे. मिसिसिपीसारख्या राज्यात तर वेचणीसाठी कृष्णवर्णीयांच्या ग्रामीण शाळाच शरद ऋतूत बंद ठेवत आणि ते दिवस भर उन्हाळ्यात भरून काढत. या शाळांत येणारी पुस्तके गोऱ्यांच्या शाळांनी वापरून टाकलेली असत. 1956 मध्ये सोळा वर्षांचा लुइस ट्रॉयच्या सार्वजनिक वाचनालयात सभासद व्हायला गेला, तेव्हा वाचनालय फक्त गोऱ्यांसाठी आहे, असे सांगून त्याला परत पाठवले. त्याच वाचनालयाने त्यांना कार्ड दिले ते 1998 मध्ये.

पोलिओच्या भीतीने दोन्ही नकाशे एकदमच आक्रसत. 1950 च्या उन्हाळ्यात व्हर्जिनियातल्या विथव्हिल या साडेपाच हजार वस्तीच्या गावात साथ आली आणि परिसरात 175 हून अधिक रुग्ण झाले. मुलांना घराबाहेर सोडणे बंद झाले, पोहण्याचा तलाव आणि सिनेमागृहे ओस पडली. गावातून जाणारे मोटारवाले उकाड्यातही काचा वर करून घेत. आजार भेद करत नव्हता, इस्पितळे करत होती. कृष्णवर्णीय रुग्णांना जवळच्या रोआनोकऐवजी थेट रिचमंडला न्यावे लागे. साल्क यांची लस 1955 मध्ये आली, तेव्हा हे भय ओसरू लागले.

शाळेचा प्रश्न सर्वांत टोकाला गेला तो व्हर्जिनियातल्याच फार्मव्हिलमध्ये. तिथली कृष्णवर्णीयांची मोटन हायस्कूल 180 मुलांसाठी बांधलेली, पण 1951 पर्यंत तिथे साडेचारशेच्या वर मुले झाली. जादा वर्ग डांबरी कागद ठोकलेल्या खोपट्यांत भरत. शेगडीजवळ बसलेला घामाघूम व्हायचा, कोपऱ्यातला अंगातला कोट काढत नसे, पाऊस आला की छत्री उघडायची. 23 एप्रिल 1951 रोजी सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने मुख्याध्यापकांना खोट्या फोनने बाहेर धाडले, त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्यांवर सगळ्यांना सभागृहात बोलावले आणि शिक्षकांना बाहेर जायला सांगून संप पुकारला. संप दोन आठवडे चालला. धमक्यांमुळे घरच्यांनी तिला अलाबामातल्या माँटगोमेरीला काकांकडे पाठवले. मुलांनी आणि पालकांनी लावलेला खटला पुढे ज्या पाच खटल्यांचा मिळून ‘ब्राउन’ निकाल 1954 मध्ये लागला, त्यांतला एक होता.

या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, तर फार्मव्हिल ज्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत (जिल्ह्यात) येते तिने 1959 मध्ये शाळांना पैसेच नाकारून त्या बंद केल्या. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलांपैकी काही चर्चच्या तळघरांतल्या वर्गांत गेली, काही दूरच्या राज्यांत नातेवाइकांकडे, आणि पुष्कळ घरीच राहिली. शाळा उघडायला 1964 उजाडले. माँटगोमेरीनेही एकत्र बसायला-पोहायला लागू नये म्हणून 1959 मध्ये सार्वजनिक उद्याने आणि तलाव बंद केले होते. म्हणजे गोऱ्या मुलांचे खेळणेही गेले.

या आठवणींची नोंद उशिरा झाली. ड्यूक विद्यापीठाच्या प्रकल्पात 1990 च्या दशकात हजाराहून अधिक कृष्णवर्णीय वृद्धांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. गोऱ्यांच्या लेखनात पडव्या आणि काजवे जास्त, कृष्णवर्णीयांच्या लेखनात शाळेची वाट जास्त, असे ढोबळमानाने म्हणता येते. अपवाद दोन्हीकडे आहेत. शाळाबंदीत शिक्षण सुटलेल्यांसाठी व्हर्जिनिया राज्याने 2004 मध्ये शिष्यवृत्ती सुरू केली, तेव्हा अर्ज करणारे पन्नाशीच्या पुढचे होते.