इन्सुलिनची गोळी का जमत नाही?

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळिशी गाठतो आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुपीला मात्र २ ते ८ अंशांतच राहायचं असतं. त्यात सुईची धास्ती वेगळीच. टोरांटोत १९२२च्या जानेवारीत पहिल्या रुग्णाला इन्सुलिन टोचलं गेलं. शंभर वर्षं उलटली, तरी सुई काही सुटत नाही.

इन्सुलिन म्हणजे ५१ अमिनो आम्लांची जोडणी. कळण्याच्या भाकरीतलं उडदाचं प्रथिनही त्याच घडणीचं, आणि पोट दोघांत काही फरक करत नाही. जठरात पेप्सिन आणि पुढे ट्रिप्सिन ही पाचक द्रव्यं त्याचे तुकडे पाडतात. वर लेप चढवून औषध जठरातून सुखरूप नेलं, तरी आतड्याची भिंत आडवी येतेच. साधारण ५०० रेणुभारापर्यंतची औषधं ती बऱ्यापैकी आत घेते. इन्सुलिनचा रेणुभार सुमारे ५,८००. शिवाय ते पाण्यात रमणारं, पेशींचं आवरण स्निग्ध.

अपवाद आहेत. मूत्रपिंड बदललेल्यांना दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन हे ११ अमिनो आम्लांचं कडं. तेलकट स्वभावामुळे ते तोंडावाटे चालतं. २०१९मध्ये अमेरिकेत सेमाग्लुटाइड या मधुमेहावरच्या, अमिनो आम्लांच्याच साखळीच्या औषधाच्या गोळीला मान्यता मिळाली. तिच्यात ३०० मिलिग्रॅम ‘स्नॅक’ नावाचं रसायन असतं. गोळी विरघळते तिथली आम्लता ते तेवढ्यापुरती कमी करतं, पेप्सिन थंडावतं आणि औषध जठराच्या भिंतीतूनच आत शिरतं. किती? जेमतेम एक टक्का! म्हणून सुईने आठवड्याला अर्धा-एक मिलिग्रॅम पुरतं, तिथे गोळीतून रोज १४ मिलिग्रॅमपर्यंत द्यावं लागतं.

हा उधळेपणा परवडतो, कारण सेमाग्लुटाइड रक्तात बरेच दिवस टिकतं. एखाद्या दिवशी कमी शोषलं गेलं तरी फारसं बिघडत नाही. इन्सुलिनचं तसं नाही. आज अर्धा टक्का आणि उद्या एक टक्का पोचलं, तर मात्रा थेट दुप्पट होते, साखर एकदम उतरते आणि माणूस बेशुद्धही पडू शकतो. माझ्या मते खरी अडचण आहे ती इथे: औषध आत पोचवण्यापेक्षा रोज सारखंच पोचवणं अवघड.

सेमाग्लुटाइडच्या गोळीचेही नखरे आहेतच. ती उपाशीपोटी घ्यायची, फार तर १२० मिलिलिटर पाण्यासोबत, आणि पुढे निदान अर्धा तास काहीच नाही. डोळे उघडताच चहा मागणाऱ्या आमच्या खान्देशात हे पथ्य डॉक्टरांनी चिठ्ठी लिहितानाच बजावून सांगायला हवं. गोळी चहा-खारीसोबत घेतली, की तो एक टक्काही घटतो.