स्थिरता क्षेत्र

अरैखिक गतिकीय प्रणालीतील (काळानुसार बदलणाऱ्या, पण बदलाचा दर अवस्थेच्या सरळ प्रमाणात नसलेल्या प्रणालीतील) ज्या ज्या आरंभिक अवस्थांपासून निघालेले मार्ग अखेर एका ठरावीक स्थिर संतुलन बिंदूला (जिथे बदल थांबतो आणि छोट्या धक्क्यानंतर प्रणाली परत येते, अशा अवस्थेला) जाऊन मिळतात, त्या सर्व अवस्थांचा संच म्हणजे त्या बिंदूचे स्थिरता क्षेत्र. त्याला आकर्षण क्षेत्र असेही म्हणतात. रैखिक प्रणालीत हा प्रश्नच उद्भवत नाही. संतुलन अनंतस्पर्शी स्थिर, म्हणजे काळ जाईल तसे जवळच्या मार्गांना आपल्याकडे ओढून घेणारे, असले की सुरुवात कुठूनही करा, प्रणाली तिथेच येते. अरैखिक प्रणालीचे रैखिकीकरण (संतुलनाजवळ तिला रैखिक मानणे) मात्र ‘छोटा धक्का पचेल’ एवढेच सांगते. छोटा म्हणजे किती, हे त्यातून कळत नाही, आणि अभियंत्याला नेमके तेच हवे असते.

क्ष या चलाच्या बदलाचा दर क्ष³ − क्ष आहे असे समजू. सुरुवात ०.९९ पासून केली तर क्ष शून्याकडे घसरतो, १.०१ पासून केली तर मर्यादित काळातच अनंताकडे निसटतो. क्षेत्र −१ ते १ आणि दोन्ही टोकांना अस्थिर संतुलन बिंदू! हा योगायोग नव्हे. च्यांग, हर्श व वू यांनी १९८८ मध्ये दाखवले की, काही व्यापक अटींखाली क्षेत्राची सीमा तिच्यावरच्या अस्थिर बिंदूंत किंवा आवर्ती कक्षांत (पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या बंद मार्गांत) विलीन होणाऱ्या मार्गांची बनलेली असते. व्हॅन डर पोल समीकरणात (स्वतःहून चालू राहणाऱ्या दोलनांच्या प्रसिद्ध समीकरणात) काळ उलटा फिरवला, तर त्याचे मर्यादाचक्र, म्हणजे आसपासच्या मार्गांपासून सुटी असलेली बंद कक्षा, हीच सीमा ठरते.

सीमा सूत्रात क्वचितच मांडता येते, म्हणून अंदाज बांधावा लागतो. लियापुनोव्ह यांनी १८९२ मध्ये मांडलेले, ऊर्जेसारखे घटत जाणारे फल (अवस्थेवरून ठरणारी संख्या) इथे कामी येते. लंबकाचे समीकरण एककरहित रूपात लिहिले, तर उलट्या उभ्या स्थितीची ऊर्जा २ येते. तळाशी असताना वेग २ पेक्षा कमी असेल, तर लंबक माथा ओलांडणार नाही याची हमी मिळते. पण अवमंदन गुणांक (गती रोखणाऱ्या घर्षणाचे माप) ०.२ असताना २.१ वेगाने सोडलेला लंबकही परततो, कारण वाटेत ऊर्जा खर्च होते. अंदाज खऱ्या क्षेत्राहून लहान पडतो. चूक सुरक्षित बाजूची असल्याने ती खपते.

वीजजाळ्यात याच हिशेबाला घड्याळाची जोड असते. लघुपथनामुळे (शॉर्ट सर्किटमुळे) जनित्रांचे घूर्णक (फिरते भाग) वेग घेतात. हा दोष तोडल्यानंतरच्या जाळ्याचे जे स्थिरता क्षेत्र, त्याच्या बाहेर अवस्था जाण्याआधी परिपथ विच्छेदक (सर्किट ब्रेकर) उघडला पाहिजे. त्यासाठी मिळणारी कमाल मुदत म्हणजे क्रांतिक निवारण काल. तो बहुधा सेकंदाच्या अंशांतच मोजला जातो.