शिळाछाप, बॅलार्ड पिअर आणि प्रवासाची पोस्टरं

आगगाडी यायच्या आधीच मुंबईत शिळाछाप, म्हणजे लिथो, रुजला होता. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली दगडावरून मराठी पंचांग छापलं. बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. पुढे रेल्वे-आगबोटींची रंगीत पोस्टरं निघाली, तीही मुळात याच तंत्रावर.

बव्हेरियातल्या सोल्नहोफेनचा चुनखडीचा दगड वाळूने घासून सपाट करायचा, त्यावर तेलकट खडूने चित्र उलटं काढायचं, मग डिंकात थोडं नायट्रिक आम्ल घालून वरून फिरवायचं. दगड ओला केला की कोरा भाग शाई धरत नाही, तेलकट रेघ तेवढी धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, पुढे जस्ताचा पत्रा. म्हणजे सहा रंगांना एकच कागद सहा वेळा यंत्रातून जाणार. दमट हवेत कागद फुगतो. दोन छपायांच्या मध्ये तो केसभर वाढला तरी डोंगर आणि आकाश यांच्यात पांढरी फट पडते. म्हणून मोठे सपाट रंग, कडेला एकमेकांवर किंचित चढवलेले, आणि मोजकी अक्षरं. जिला आपण त्या काळाची शैली म्हणतो, तिच्यात छापखान्याची काटकसर बरीच आहे.

गिऱ्हाईक कोण? कोकणबोटीचा किंवा तिसऱ्या वर्गाचा उतारू नव्हे. त्याला बोलवावं लागतच नव्हतं. १८६९ ला सुएझ कालवा खुला झाला आणि विलायतेची वाट आखूड झाली. १ सप्टेंबर १९२८ ला निघालेल्या फ्रंटियर मेलची सांगड पी. अँड ओ. या विलायती आगबोट कंपनीच्या टपालबोटींशी होती: बॅलार्ड पिअरला उतरा, धक्क्यावरच्या स्टेशनातच गाडीत बसा, थेट पेशावर. ‘व्हिजिट इंडिया’ छापाची पोस्टरं या परदेशी पाहुण्यांसाठी, म्हणून मजकूर इंग्रजी. १ जून १९३० ला सुरू झालेली दख्खनची राणीसुद्धा पहिल्या-दुसऱ्या वर्गाचीच. तिसरा जोडला १९५५ मध्ये.

चोर बाजारात असं पोस्टर हाती आलं तर आधी टेप लावा. ब्रिटिश रेल्वेंचं नेहमीचं माप ४० बाय २५ इंच. मग दहापट भिंग: खडूचे वेडेवाकडे कण दिसले तर हाताने काढलेला लिथो, शिस्तीत बसलेले चार रंगांचे ठिपके म्हणजे बहुधा फोटोवरून काढलेली नक्कल. लाल-पिवळा उडून निळाच उरला असेल तर ते उन्हाचं काम, तो रंग परत येत नाही. पाठीला कापड लावायचंच तर मध्ये जपानी कागद घालून, गव्हाच्या खळीने. खळ पाण्याने सुटते. लॅमिनेशन सुटत नाही.