न दुखता जाणारी दृष्टी

पांढऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढावी आणि तिच्या उजवीकडे सुमारे ८ सेंटिमीटरवर एक ठळक ठिपका द्यावा. डावा डोळा झाकून, उजव्या डोळ्याने फुलीवरच नजर ठेवून हातभर अंतरावरचा कागद सावकाश जवळ आणावा. कागद डोळ्यापासून साधारण ३० सेंटिमीटरवर आला की ठिपका नाहीसा होतो आणि आणखी जवळ आणल्यावर पुन्हा दिसू लागतो. हा अंधबिंदू सतराव्या शतकात मारियॉट या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिला. दृष्टिपटलावरचे, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावरचे, चेतातंतू ज्या ठिकाणी एकत्र येऊन डोळ्याबाहेर पडतात, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. मात्र ठिपका गेलेल्या जागी काळे भोक दिसत नाही, कोरा कागद दिसतो, कारण मेंदू ती उणीव आजूबाजूच्या रंगाने भरून काढतो.

मेंदूची ही सवय एरवी सोयीची असली, तरी काचबिंदूमध्ये तीच घातक ठरते. डोळ्याच्या पुढच्या भागात एक द्राव सतत तयार होत असतो आणि तेवढाच बाहेर वाहून जात असतो. त्याचा निचरा मंदावला की डोळ्यातला दाब वाढतो आणि डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेतील सुमारे १० ते १२ लाख तंतू हळूहळू मरू लागतात. बहुतेक रुग्णांत कडेची दृष्टी आधी जाते, दुखत काहीच नाही, समोरचे अक्षर स्पष्ट वाचता येते, आणि एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा झाकून टाकतो. त्यामुळे तक्रार घेऊन रुग्ण येतो तेव्हा बरीचशी दृष्टी गेलेली असते, आणि गेलेले तंतू परत येत नाहीत. डोळ्याचा दाब सर्वसाधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरइतका असतो, पण काहींना या मर्यादेतही काचबिंदू होतो. म्हणून दाबाबरोबरच दृष्टिचेतेची आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी करावी लागते. आई-वडिलांना किंवा भावंडांना हा आजार असेल, तर चाळिशीची वाट न पाहता तपासून घ्यावे. दिलेले थेंब दृष्टी सुधारत नाहीत, उरलेली टिकवतात. ‘काही फरक पडत नाही’ म्हणून ते मध्येच बंद करणारे रुग्ण फार आहेत, आणि ते पाहून वाईट वाटते.

मोतीबिंदूची भीती लोकांना अधिक वाटते, पण त्याचे तसे नाही. त्यात नेत्रभिंग गढूळ होते, नजर धूसर होते, रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांची तिरीप सहन होत नाही आणि माणूस स्वतःहून डॉक्टरांकडे जातो. १९४९ मध्ये ब्रिटिश शल्यविशारद हॅरल्ड रिडली यांनी पहिल्यांदा डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले. युद्धात विमानाच्या छताचे अॅक्रिलिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरूनही डोळा ते सहन करतो, हे त्यांच्या लक्षात आले होते. आता मोतीबिंदू ‘पिकेपर्यंत’ थांबण्याची गरज उरलेली नाही. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की शस्त्रक्रियेचा विचार करावा.

मधुमेहातही दृष्टिपटलाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या गुपचूप बिघडतात. त्या पाझरतात, बंद पडतात, पुढे नव्या कमकुवत वाहिन्या फुटून त्यांतून रक्तस्राव होतो, आणि तोवर नजर उत्तमही असू शकते. प्रौढपणी जडणाऱ्या, म्हणजे टाइप २ मधुमेहाचे निदान होते तेव्हा साखर किती वर्षे वाढलेली होती हे सांगता येत नाही, म्हणून त्याच वेळी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, बहुधा दरवर्षी, तपासत राहावे.

लहान मुले तर तक्रारच करत नाहीत, कारण स्पष्ट दिसणे म्हणजे काय हे त्यांना ठाऊकच नसते. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल किंवा तिरळेपणा असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणाऱ्या प्रतिमेकडे दुर्लक्ष करू लागतो आणि तो डोळा ‘आळशी’ होतो. चांगला डोळा रोज काही तास झाकून दुबळ्या डोळ्याला कामाला लावण्याचा उपाय सात-आठ वर्षांच्या आत अधिक गुणकारी असतो. शाळेत जाण्यापूर्वीच तपासणी हवी ती यासाठी. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, ही समजूत चुकीची आहे. उलट मुलांनी दररोज सुमारे दोन तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात घालवल्यास लघुदृष्टी, म्हणजे दूरचे धूसर दिसणे, जडण्याची शक्यता कमी होते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. मोबाइल-संगणकाच्या पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात; अधूनमधून दूर पाहिले आणि पापण्या मिटल्या तर बराच आराम पडतो.

डोळे लाल झाले म्हणून घरातली जुनी बाटली उघडू नये. स्टिरॉइड असलेले थेंब देखरेखीविना दीर्घकाळ घातल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही होऊ शकतात. मात्र अचानक विजेसारखे चमकणे, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडल्यासारखे वाटणे, नजरेवर बाजूने पडदा सरकणे ही दृष्टिपटल सुटत असल्याची लक्षणे असू शकतात, तर तीव्र डोळेदुखी, दिव्यांभोवती रंगीत वलये आणि उलट्या हे दाब एकाएकी वाढल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्ररुग्णालय गाठावे.