ड्रॅस्टिक म्हणजे ड्रॅकोनियन नव्हे

ड्रॅस्टिक सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाचं वजन ड्रॅस्टिकली उतरतं, कुठली कंपनी ड्रॅस्टिक निर्णय घेते. मोठं आणि एकदम, एवढंच. मला खुपतं ते 'ड्रॅकोनियन' हे त्याचंच भारदस्त भावंड समजणं. ऑफिसची हजेरी नऊऐवजी साडेआठला झाली की नियम लगेच ड्रॅकोनियन! अहो, फार तर जाचक म्हणा.

या शब्दामागे एक माणूस आहे, अथेन्सचा ड्रॅको. इ.स.पू. 621 च्या सुमारास त्याने शहराचे कायदे लेखी केले. तोवर ते तोंडी होते आणि उमरावांच्या सोयीने वाकत. म्हणजे खरं तर ही सुधारणाच, पण ते श्रेय बिचाऱ्याला कुणी देत नाही. कारण ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की खुनाला देहदंड आणि भाजी-फळं चोरली तरी देहदंडच. पुढे अथेन्सच्याच सोलोन या कायदेकर्त्याने मनुष्यवधाचे तेवढे ठेवून बाकीचे कायदे मोडीत काढले.

मेख इथे आहे. ड्रॅस्टिक हे माप आहे, ड्रॅकोनियन हा आरोप. तो कायदा, नियम आणि शिक्षा यांच्यावरच होतो, आणि शिक्षा गुन्ह्याच्या मानाने अमानुष आहे हे त्यात आलंच. 8 नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीला तिचा कट्टर समर्थकही ड्रॅस्टिक म्हणेल. ड्रॅकोनियन म्हणाला तर तो समर्थक उरला नाही. 1919 च्या रौलट कायद्याने खटल्याविना डांबायची मुभा दिली, तिथे हा शब्द चपखल बसतो. आपल्या लोकांनी त्याला 'काळा कायदा' म्हटलं, तेच हे.

ड्रॅस्टिकच्या पोटात असा दोष नाही. ग्रीकमध्ये 'द्रान' म्हणजे करणं. 'ड्रामा' त्याच मुळाचा. इंग्रजीत तो आधी वैद्यकात रुळला, आणि तोही जबरदस्त रेचकांसाठी. आपला जमालगोटा त्याच पंगतीतला. पुढच्या वेळी कुणी ड्रॅस्टिक बदलाच्या गप्पा मारल्या की हे आठवून हसू येतं.

मराठीत तर हा फरक आयता आहे: जालीम आणि जुलमी. दोन्ही एकाच अरबी मुळाचे, तरी जालीम औषध आपण पैसे मोजून आणतो आणि जुलमी राजवट उलथायला निघतो. तेव्हा ड्रॅकोनियन लिहिण्याआधी त्या जागी जुलमी ठेवून पाहा. साडेआठच्या हजेरीला तुम्हाला जुलमी म्हणवतं का?