बीएमडब्ल्यू 1 सिरीज: मागच्या चाकांची आणि पुढच्या चाकांची

युरोपातील वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात ‘बीएमडब्ल्यू 1 सिरीज’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या बांधणीच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात. 2011 पासून 2019 पर्यंत विकली गेलेली दुसरी पिढी, जिचा कंपनीतील संकेतांक एफ20 आहे, ती मुळात मागच्या चाकांवर चालणारी गाडी होती. 2019 मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीत, म्हणजे एफ40 मध्ये, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडे गेली. चारही चाकांना ताकद देणाऱ्या आवृत्त्या दोन्ही पिढ्यांत होत्या, पण पायाभूत रचना हीच. दोघींची लांबी जवळपास 4.32 मीटर असल्यामुळे गोंधळ होणे स्वाभाविक आहे. कंपनीचे तत्कालीन प्रमुख नॉर्बर्ट राइटहोफर यांनी तर 2010 मध्येच सांगितले होते की, 1 सिरीजच्या सुमारे 80 टक्के ग्राहकांना आपली गाडी पुढच्या चाकांवर चालते असे वाटते. त्या वेळी ती मागच्या चाकांवरच चालत होती.

ओळखण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे बॉनेट उघडणे. एफ20 मध्ये इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले असते, त्यामुळे बॉनेट लांब आणि पुढची काच मागे सरकलेली दिसते. एफ40 मध्ये ते आडवे असते. उभ्या इंजिनाची किंमत मागच्या आसनावरील प्रवासी मोजतात, कारण मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा उंचवटा मधल्या माणसाच्या पायांत येतो. एफ40 ची डिकी 360 ऐवजी 380 लिटरची झाली आणि मागची जागाही मोकळी झाली.

चालवण्याच्या आनंदाचा प्रश्न मात्र इतक्या थोडक्यात संपत नाही. वेग वाढवताना गाडीचा भार मागे झुकतो. ज्या चाकांवर भार वाढतो त्यांनाच ताकद मिळत असेल, तर पकड वाया जात नाही, आणि पुढच्या चाकांना केवळ दिशा देण्याचे काम उरल्यामुळे स्टिअरिंग इंजिनाच्या ओढीपासून मुक्त राहते. वळणातून बाहेर पडताना पाय हळूहळू दाबत जाण्यातील एफ20 ची मजा यातूनच येते, जरी ओल्या रस्त्यावर अधीरपणा केल्यास तिचा मागचा भाग सुटू पाहतो. एफ40 मध्ये पुढच्या टायरना वळवणे आणि ओढणे ही दोन्ही कामे करावी लागतात. गाडी वळणाबाहेर ढकलली जाऊ नये म्हणून चाकाच्या घसरणीवरील नियंत्रण थेट इंजिनाच्या संगणकात बसवण्यात आले. हे तंत्र कंपनीच्या आय3एस या विजेच्या गाडीतून आले असून, आज्ञा एका नियंत्रकातून दुसऱ्याकडे जाण्याचा वेळ त्यात वाचतो. परिणाम चांगला आहे. रोजच्या शहरी वेगात बहुतेकांना फरक जाणवणार नाही, आणि ज्यांना तो जाणवत नाही त्यांनी केवळ प्रतिष्ठेसाठी जुन्या रचनेचा आग्रह धरण्यात मला अर्थ दिसत नाही.

सर्वाधिक फसगत 1 सिरीजच्या ‘एम135आय’ या ताकदवान आवृत्तीच्या नावाने होते. 2012 च्या एम135आय मध्ये तीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन होते, 320 अश्वशक्तीचे. 2019 च्या एम135आय एक्सड्राइव्हमध्ये (एक्सड्राइव्ह म्हणजे चारही चाकांना ताकद) दोन लिटरचे चार सिलिंडरचे, 306 अश्वशक्तीचे. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, दोघांचा 450 न्यूटन मीटर. मागच्या चाकांवरची जुनी स्वयंचलित गाडी शून्यावरून शंभर किलोमीटरचा वेग 4.9 सेकंदांत गाठते, तर नवी चारही चाकांच्या जोरावर 4.8 सेकंदांत. आकड्यांवरून त्या जुळ्या बहिणी वाटतील, पण सहा सिलिंडरचा सलग, गुळगुळीत आवाज आकड्यांत मावत नाही. त्याच्यासाठी जादा पैसे मोजणारा माणूस मला वेडा वाटत नाही.

टिकाऊपणाचा संबंध चाकांशी कमी आणि इंजिनाच्या संकेतांकाशी अधिक आहे. सुरुवातीच्या डिझेल एफ20 मधील एन47 इंजिन टायमिंग चेनमुळे, म्हणजे झडपांची उघडझाप वेळेवर ठेवणाऱ्या साखळीमुळे, बदनाम झाले. तक्रारी मुख्यतः 2011 पूर्वीच्या इंजिनांच्या असल्या, तरी ही चेन गिअरबॉक्सच्या बाजूला असल्यामुळे ती बदलणे हे मोठे आणि खर्चाचे काम ठरते. थंड इंजिन सुरू करताना इंजिनाच्या मागच्या बाजूने खरखर ऐकू आली, तर सौदा तिथेच थांबवावा. 2015 पासून त्याची जागा बी47 ने घेतली. 2018 मध्ये डिझेल गाड्यांच्या ईजीआर कूलरमधून (इंजिनात परत पाठवायचा धूर थंड करणाऱ्या भागातून) शीतक गळून आग लागण्याच्या शक्यतेमुळे मोठा रीकॉल झाला होता, म्हणजे गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या, तेव्हा त्या काळातील गाडीचे ते काम पूर्ण झाल्याची नोंद पाहणे आवश्यक आहे. एफ20 चा झेडएफ कंपनीचा आठ गतींचा गिअरबॉक्स उत्तम आहे. त्याचे तेल आयुष्यभर पुरते ही समजूत मात्र सोडावी, कारण खुद्द झेडएफ साधारण 80,000 ते 1,20,000 किलोमीटरदरम्यान ते बदलण्यास सांगते. एफ40 च्या पेट्रोलवरील 118आय मध्ये सात गतींचा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स, मिळतो. रोज खोळंबलेल्या वाहतुकीत मुंगीच्या पावलांनी चालणाऱ्याने त्याऐवजी डिझेल 118डी चा आठ गतींचा, टॉर्क कन्व्हर्टरचा (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा) गिअरबॉक्स निवडलेला बरा.

भारतात ही निवड करण्याची वेळच येत नाही. येथे 2013 मध्ये एफ20 दाखल झाली आणि तिची जुळणी चेन्नईत होत असे. एफ40 अधिकृतपणे आलीच नाही, तिच्याच बांधणीवरची 2 सिरीज ग्रान कूपे 2020 मध्ये आली. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या बाजारात दिसणारी 1 सिरीज जवळजवळ निश्चितपणे मागच्या चाकांवरची असते, आणि डिझेल 118डी असेल तर तिची चेन आणि सर्व्हिसच्या नोंदी आधी तपासाव्या लागतात. तिला रन-फ्लॅट टायर (हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे, कडक बाजूंचे) असल्यास खड्ड्यांचे धक्के अधिक बसतात, शिवाय एकेका टायरचा खर्चही साध्या टायरपेक्षा बराच जास्त येतो.